उतारावरची द्राक्षे : सायकलवरून पाहिलेले बोजोले

(द्राक्ष बागायतदारांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहीजण गालातल्या गालात हसले असतील. कृषी विद्यापीठाच्या माणसाने खते, पाणी, छाटणी यांवर बोलावे. डोंगरावरच्या सायकलीवर त्याने काय बोलायचे? शंका रास्त आहे. परंतु फ्रान्समधील द्राक्षशेती पाहायला जाणारे आपले बहुतेक बागायतदार बसने जातात. बस डांबरी रस्त्याने थेट वाइनच्या तळघरापर्यंत नेऊन सोडते. तेथे लाकडी पिंपे दिसतात, बाटल्यांच्या रांगा दिसतात, मालक हसून स्वागत करतो. जमीन मात्र काचेआडूनच पाहायची. सायकलवर बसलेल्या माणसाला जमीन टाळता येत नाही. चढ असेल तर मांड्या सांगतात, वाळू असेल तर हँडल सांगते, चिकणमाती असेल तर चाकच फिरायचे थांबते.

मी अभ्यासाच्या निमित्ताने तिकडे असताना सुटीच्या दिवसांत भाड्याने सायकल घेऊन बोजोले भागातील डोंगर फिरलो. ही सायकल आपल्या नेहमीच्या सायकलीपेक्षा वेगळी. टायर रुंद आणि खोल नक्षीचा, पुढे दणके सोसणारे काटे, भरपूर गिअर. फ्रेंच लोक तिला ‘व्हे-ते-ते’ म्हणतात, म्हणजे कोणत्याही भूभागावर चालणारी सायकल. फ्रान्सच्या सायकल महासंघाने मान्य केलेल्या वाटांवर एक त्रिकोण आणि दोन वर्तुळे अशी खूण असते. हिरवा रंग अगदी सोप्या वाटेचा, निळा सोप्या, तांबडा अवघड आणि काळा अतिशय अवघड वाटेचा. घाटात वाढलेल्या माणसाने तांबड्याला भिण्याचे कारण नाही. काळ्या वाटेला मी गेलो नाही.

प्रदेशाची ओळख

बोजोले हा पट्टा ल्योन शहराच्या उत्तरेला आहे. दक्षिणोत्तर लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी त्या मानाने फारच थोडी. पूर्वेला सोन नदीचे सपाट खोरे, पश्चिमेला जंगलाने झाकलेले डोंगर आणि या दोहोंच्या मधल्या उतारावर द्राक्षे. दक्षिण भागात चुनखडीची चिकण जमीन आहे. तेथील घरांचा दगड पिवळसर, उन्हात सोन्यासारखा दिसतो. उत्तर भागात ग्रॅनाइट आहे आणि माझी सगळी भटकंती या उत्तर भागातली.

आपल्या नाशिक-सांगलीच्या बागा बेसाल्टपासून बनलेल्या जमिनीत आहेत. सामू आठच्या आसपास, चुनखडी भरपूर, काळी असेल तर पाणी धरून ठेवणारी. बोजोलेचा ग्रॅनाइट झिजून त्याची गुलाबी, भरड वाळू होते. ती आम्लधर्मी असते, चिकणमातीचा अंश कमी, पाणी ओतले की खाली गेले. अशा हलक्या जमिनीत गामे नावाची काळी द्राक्षे लावतात. या जातीचा इतिहास मजेदार आहे. १३९५ मध्ये बरगंडीच्या ड्यूक फिलिपने आपल्या मुलखातून गामे उपटून टाकण्याचा हुकूम काढला. तक्रार अशी की ही जात उत्पन्न भरमसाट देते, पण वाइन हलक्या प्रतीची होते. उत्तरेकडच्या चुनखडीच्या जमिनीतून हाकललेल्या या वेलीने दक्षिणेच्या उपाशी ग्रॅनाइटवर मात्र नाव कमावले. तेथे तिचा वाढीचा जोर आपोआप आवरला जातो.

उत्तर भागात दहा गावांची किंवा टेकड्यांची नावे बाटलीवर स्वतंत्रपणे लिहिता येतात. मोर्गों, फ्लरी, शिरूब्ल, शेना व मुलँ-आ-व्हाँ यांना हा कायदेशीर मान १९३६ मध्ये मिळाला. शेवटचे रेन्ये १९८८ मध्ये आले. या नावाबरोबर बंधनेही येतात. हेक्टरी वाइनची मर्यादा साधारण ५६ हेक्टोलिटर आहे. म्हणजे द्राक्षे हेक्टरी सुमारे साडेसात टन, एकरी तीन टन. आपला बागायतदार एवढ्या उत्पन्नावर घरी जेवायला जाणार नाही. त्यांचे चालते, कारण विकले जाते ते वजन नव्हे, गावाचे नाव विकले जाते. निदान चालत होते. त्याबद्दल पुढे बोलू.

चढाची सुरुवात : ब्रुयी टेकडी

ल्योनहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत बेलव्हिल येते. सायकल गाडीत नेता येते. बेलव्हिल समुद्रसपाटीपासून जेमतेम १९० मीटरवर, नदीकाठी. तेथून निघून ब्रुयी टेकडी, मोर्गों, शिरूब्ल, वरची खिंड, मग उतरून फ्लरी, रोमानेश आणि परत बेलव्हिल असा जवळपास पन्नास किलोमीटरचा फेरा मी केला. एकूण चढ हजार मीटरच्या घरात जातो. एका दिवसात होतो, पण मग पाहणे होत नाही. दोन दिवस घ्यावेत.

ब्रुयी टेकडी ४८४ मीटर उंच आहे. सपाटीतून ती एकटीच वर आलेली दिसते. डांबरी रस्त्याने सुमारे तीन किलोमीटर चढ, सरासरी आठ टक्के. म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. २०१७ मध्ये पॅरिस-नीस या मोठ्या सायकल शर्यतीचा वेळेविरुद्धचा टप्पा याच माथ्यावर संपला होता. आपण शर्यतवाले नाही. आपण बागांच्या कडेच्या मातीच्या गाडीवाटेने जायचे. सर्वांत हलका गिअर टाकायचा, शरीर पुढे झुकवून बसायचे, पण सीटवरून उठायचे नाही. उठलो की मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि ते जागच्या जागी फिरते. टायरमध्ये हवा २५ ते ३० पौंडच ठेवावी. कडक टायर खडकावर उड्या मारतो.

या टेकडीचा दगड ग्रॅनाइटचा नाही, निळसर करडा आहे. अतिशय कठीण. चाकाखाली त्याचे तुकडे खळखळ वाजतात. वेली पाहा : तार नाही, मांडव नाही. गुडघ्याएवढे खोड, त्यावर पेल्याच्या आकारात तीन ते पाच फांद्या, प्रत्येकीवर एक-दोन डोळे राखून केलेली आखूड छाटणी. हेक्टरी सहा ते दहा हजार वेली. आपल्याकडे एकरी सातशे-नऊशे वेली असतात. तेथे जुन्या बागेत एकरी चार हजार. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, वेल झोपेत असताना. आपल्या एप्रिलच्या खरड छाटणीबद्दल सांगितले तेव्हा तेथील एका वृद्ध बागायतदाराने मला दोनदा तेच विचारले. एका वेलीला वर्षात दोनदा कापता आणि ती जिवंत राहते? राहते, म्हटले, कारण तिला आमच्याकडे झोपच मिळत नाही.

माथ्यावर एक छोटे प्रार्थनामंदिर आहे. १८५७ साली बांधलेले, द्राक्षांच्या मातेचे. ते कशासाठी बांधले हे ऐकून आपल्याला ते परके वाटणार नाही. १८५० च्या सुमारास अमेरिकेतून आलेली भुरी फ्रान्सभर पसरली. घड राखाडी पडून तडकू लागले. औषध ठाऊक नव्हते. शेतकऱ्यांनी देवीला नवस केला. पुढे गंधकाची भुकटी धुरळण्याची पद्धत आली आणि भुरी आवाक्यात आली; देवळाची यात्रा मात्र सप्टेंबरात अजून भरते. गंधक आणि देवी दोघांनाही श्रेय देण्याची ही रीत मला फार ओळखीची वाटली.

माथ्यावरून दक्षिणेला पाहिले की विलफ्रांश गावाची दिशा दिसते. आपल्या खांद्यावरच्या फवारणी पंपाच्या पूर्वजांपैकी एक तेथला. व्हिक्तोर व्हर्मोरेल या कारखानदाराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे तांब्याचा पाठपंप तयार करून देशोदेशी विकला. १८७८ मध्ये फ्रान्समध्ये केवडा आला, १८८५ मध्ये बोर्डोच्या मिलार्दे यांनी मोरचूद व चुन्याचे मिश्रण जाहीर केले. पण ते मिश्रण पानाच्या खालच्या बाजूपर्यंत पोचवायला यंत्र हवे होते. शास्त्रज्ञाचे औषध आणि लोहाराची कारागिरी यांची गाठ येथे पडली.

वाळू कोठून आली?

ब्रुयीवरून उतरून मोर्गोंकडे जाताना पहिला धडा मिळाला. बागेतली वाट सरळ खाली जाते. वरच्या भागात चाकाखाली कठीण खडक लागतो, खड्डे आणि नाळी पडलेल्या. खालच्या वळणावर आले की पुढचे चाक अचानक भरड वाळूत रुतते. एकदा, दोनदा, तिसऱ्या वळणावरही तेच. ही वाळू वाटेची नाही. ती वरच्या बागेची माती आहे.

आपण पाणलोट क्षेत्राच्या प्रत्येक शिबिरात सांगतो : पेरणी उताराला आडवी करा. बोजोलेत बहुतेक ओळी उताराच्या दिशेने, वरून खाली जातात. प्रथम मला ते विचित्र वाटले. कारण असे की तीव्र उतारावर आडवा चालणारा ट्रॅक्टर कलंडतो. त्यांचा ट्रॅक्टरही उंच टांगांचा. वेलीची ओळ दोन चाकांच्या मधून, पोटाखालून जाऊ देतो. उंच म्हणून तो आणखी बेभरवशाचा. फारच उभ्या जमिनीत ट्रॅक्टर वर उभा करून दोरीच्या रहाटाने नांगर खालून वर ओढत. म्हणजे यंत्राच्या सोयीने ओळीची दिशा ठरली आणि त्या दिशेने पाणीही धावू लागले.

पूर्वीचे शेतकरी यावर दोन उपाय करीत. उताराला तिरके चर काढून पाणी बाजूला वळवायचे. आणि हिवाळ्यात खाली साचलेली माती पाठीवरच्या टोपलीत भरून पुन्हा वर नेऊन टाकायची. दरवर्षी. सायकल ढकलत तीच चढण चढताना, पाठीवर ओल्या वाळूची टोपली असती तर काय, हा विचार मनातून जात नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तणनाशके आली. एक मीटर अंतराच्या ओळींत खुरपणीला माणूस मिळेना, तेव्हा तणनाशक सोयीचे होते यात शंका नाही. पण नागड्या जमिनीवर पावसाचा थेंब आदळतो, वरचा पापुद्रा बंद होतो आणि पाणी मुरण्याऐवजी वाहते. हे आपण पुस्तकात वाचतो. सायकलवर ते हाताला कळते. तणनाशकाने उघडी केलेली बाग ओलांडताना जमीन टणक लागते, चाक टणटणत जाते. शेजारच्याच बागेत ओळीआड गवत राखलेले असेल तर तेथे चाक किंचित दबते, आवाज मऊ होतो. पावसानंतर दुसऱ्या दिवशी गेलात तर फरक आणखी स्पष्ट. गवताच्या बागेच्या पायथ्याशी वाळूचा ढीग नसतो.

मग सगळेच गवत का राखत नाहीत? कारण गवत पाणी आणि नत्र पिते. या भरड वाळूत आधीच पाणी थोडे. कोरड्या वर्षी गवत राखलेल्या आखूड वेली पिवळ्या पडतात. त्यामुळे काहीजण एका ओळीआड एक गवत राखतात, काहीजण हिवाळ्यात पीक पेरून वसंतात ते कापून आच्छादन म्हणून पसरतात, काहीजण मधली एखादी ओळ उपटून अंतर वाढवतात व वेली तारेवर घेतात. आपल्याकडे ठिबकामुळे ही अडचण कमी आहे. ताग-धैंचा बोदांमध्ये घेणे आपल्याला त्यांच्यापेक्षा सोपे जाते. तरी आपल्या किती बागांत मधली जमीन उघडी असते हे आपणच पाहावे.

जमिनीबाबत या भागातील वाइन उत्पादकांनी एक काम मात्र मनापासून केले. २००९ ते २०१८ या काळात त्यांनी संपूर्ण प्रदेशाच्या मातीचा तपशीलवार अभ्यास करवून घेतला. सुमारे एक हजार खड्डे खोदले, पंधरा हजारांवर ठिकाणी गिरमिटाने माती काढून पाहिली आणि तीनशेहून अधिक प्रकारच्या जमिनी नोंदवल्या. एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, वेगळी माती. २०१८ मध्ये युनेस्कोने या प्रदेशाला भूवारसा उद्यानाचा दर्जा दिला.

मोर्गोंची पी नावाची टेकडी सुमारे ३५० मीटरची. तेथील निळसर दगड कुजून सुटा झाला आहे. स्थानिक लोक त्याला ‘कुजका खडक’ म्हणतात. आपण मुरूम म्हटले असते. मुळे भेगांतून खोल जातात. माझ्या मते सगळ्या फेऱ्यात द्राक्षशेतीचा अभ्यास करणाऱ्याने सर्वाधिक वेळ द्यावा अशी जागा ही. माथ्यावर सायकल आडवी ठेवा, एक दगड उचला आणि हाताने चुरून पाहा.

शिरूब्ल : खुंटाचे गाव

मोर्गोंपासून शिरूब्लकडे वाट जवळजवळ सतत चढते. हे गाव दहांपैकी सर्वांत उंचावर आहे. बागा साडेचारशे मीटरपर्यंत चढतात. येथे फिकट ग्रॅनाइट, उतार उभे, आणि चाकाखाली बाजरीच्या दाण्यांसारखी गोल वाळू. उतरताना हीच वाळू फार फसवते. ब्रेक जोरात दाबला की चाक थांबते आणि सायकल चालूच राहते. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, हळू, सतत, शरीर मागे, नजर चाकाकडे नको, पुढच्या वळणाकडे. आणि मागचे चाक बांधून घसरत उतरण्याची हौस बागेच्या वाटेवर करू नये. त्या एका घसरीने वाटेवर नाळ पडते, पुढच्या वळवाच्या पावसाचे पाणी नेमके तीच नाळ धरते आणि शेतकऱ्याला ती बुजवावी लागते.

गावात व्हिक्तोर प्युलिया यांचे स्मारक आहे. १८२७ ते १८९६ हा त्यांचा काळ. याच गावचे, द्राक्षजातींचे थोर अभ्यासक. १८६३ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेत वेली विनाकारण वाळताना दिसू लागल्या. पाच वर्षांनी मुळांवर फिलॉक्सेरा ही बारीक किड सापडली. तीही अमेरिकेची पाहुणी. पुढच्या दशकात ती बोजोलेत पोचली. औषधांचे अनेक प्रयोग झाले. प्युलिया यांनी आग्रह धरला तो अमेरिकन खुंटावर फ्रेंच डोळा बांधण्याचा. लोकांना ते पटेना. परक्या मुळावर आपली वेल म्हणजे बाटलेली वेल, अशी भावना होती. अखेर त्याच मार्गाने फ्रान्सची द्राक्षशेती उभी राहिली.

आपण आज डॉगरिज खुंटावर थॉम्सन किंवा तिच्या पोटजाती बांधतो. आपले कारण निराळे : क्षार आणि पाण्याची टंचाई. पण खुंट अमेरिकन, डोळा दुसरीकडचा, ही युक्ती याच गावासारख्या गावांतल्या भांडणांतून सिद्ध होऊन आपल्यापर्यंत आली आहे. स्मारकापाशी मी पाच मिनिटे बसलो. चढ संपला नव्हता, हेही एक कारण.

वरच्या बागा

शिरूब्लच्या वर वाट जंगलात शिरते आणि सातशे मीटरच्या वर खिंड येते. तेथून संपूर्ण सोन खोरे पायाखाली दिसते. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजावर आल्प्सचे बर्फ. पण मला सांगायचे आहे ते जंगलाच्या अलीकडच्या पट्ट्याबद्दल.

तेथे बागांच्या मध्ये मोकळे चौकोन दिसतात. काहींत गवत, काहींत पिवळ्या फुलांची झुडपे, काहींत खुंट उपटून रचलेल्या वाळक्या खोडांच्या गंजी. ही जमीन नापीक झालेली नाही. ती परवडेनाशी झाली आहे.

बोजोलेची नवी वाइन आपण ऐकली असेल. सप्टेंबरात तोडणी, नोव्हेंबरात बाटली. अख्खे घड बंद टाकीत कर्बवायूत ठेवतात, मण्याच्या आतच किण्वन सुरू होते, म्हणून घड हाताने, न फुटता तोडावे लागतात. १९८५ पासून नोव्हेंबरचा तिसरा गुरुवार हा तिच्या विक्रीचा दिवस ठरला आणि जगभर तिची जत्रा झाली. पैसा लवकर हातात येई. ज्या शेतकऱ्याला वर्षभर पिंपात माल अडकवणे शक्य नव्हते, त्याला हे वरदान होते. पण सगळ्यांनी तेच केले. प्रदेशाचे नाव स्वस्त, घाईच्या वाइनशी जोडले गेले. २००० नंतर मागणी घसरली, न विकलेली वाइन ऊर्ध्वपातनाला पाठवावी लागली. युरोपीय संघाने २००८ च्या सुधारणेनंतर तीन हंगाम वेली उपटण्यासाठी अनुदानही दिले. नव्वदच्या दशकाअखेर सुमारे २२ हजार हेक्टर असलेले क्षेत्र आज तेरा हजारांच्या आसपास आले आहे.

उपटताना प्रथम कोणती बाग गेली असेल? जिथे ट्रॅक्टर जात नाही ती. म्हणजे उभ्या उताराची, पुष्कळदा जुन्या वेलींची, चांगल्या प्रतीची. सपाटीवरची राहिली, कारण तिचा खर्च कमी. बाजार घसरला की दर्जा आधी मरतो, हे गणित सांगायला अर्थशास्त्रज्ञ लागत नाही. शिवाय या भागात मालक शहरात आणि कसणारा निम्म्या वाट्यावर, अशी अर्धेलीची जुनी रीत होती. निम्म्या वाट्यात उभ्या उताराची मजुरी सुटेना, तेव्हा पुढची पिढी विलफ्रांश-ल्योनकडे नोकरीला गेली. आणि न उपटता तशीच टाकलेली बाग शेजाऱ्याच्या जिवावर उठते. केवडा, भुरी आणि तुडतुड्यांमार्फत पसरणारे रोग तेथे मुक्काम करतात.

याच पट्ट्यात मी एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलो होतो. नवरा-बायको दोघे, वय साठीच्या आसपास. गोठ्यावरच्या माळ्याच्या त्यांनी तीन खोल्या केल्या आहेत, सायकली धुवायला नळी आणि कुलूपबंद जागा ठेवली आहे. सायकलवाले संध्याकाळी चिखलाने माखून येतात, जेवतात, झोपतात आणि जाताना दोन-चार बाटल्या पुढच्या गावी पोचवायला सांगतात. मी बाईंना विचारले, यावर बाग चालते का? त्या म्हणाल्या, बाग यावर चालत नाही, पण वरचा तुकडा अजून उपटलेला नाही तो यामुळे. खोल्यांच्या पैशात दोन छाटणी मजुरांचा हिवाळा निघतो. कृषी पर्यटनावर मोठाली भाषणे होतात, तेव्हा हा हिशेब मला आठवतो. तो लहान आहे आणि खरा आहे.

उतार : फ्लरी आणि रोमानेश

खिंडीतून जंगलाच्या वाटेने फ्लरीकडे उतरणे हा सायकलस्वाराचा सुखाचा भाग. पाइनच्या सुयांवरून चाक निःशब्द जाते. मग झाडी संपते आणि एकदम बागांच्या माथ्यावर मादोनचे छोटे देऊळ दिसते. त्याखालच्या गुलाबी उतारांना २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे गारपिटीने झोडपले. गारपिटीबद्दल मी आपल्याला काय सांगावे?

फ्लरीची सहकारी वाइनरी १९२७ सालची. १९४६ पासून दीर्घकाळ तिचे अध्यक्षपद मार्गरीत शाबेर या बाईंनी सांभाळले. आपल्या सहकारी संस्थांच्या संचालक मंडळांचे फोटो डोळ्यासमोर आणा आणि मग ते साल पुन्हा वाचा.

उष्णतेचा प्रश्न तेथेही आहे. २००३ च्या उन्हाळ्यात तोडणी ऑगस्टच्या मध्यातच सुरू करावी लागली. पूर्वी उंचावरचे शिरूब्ल थंड म्हणून मागे पडे. द्राक्षे नीट पिकत नसत. आता तीच उंची उपयोगी पडू लागली आहे. ज्या चौकोनांतून वेली उपटल्या, तेथेच पुढे त्यांची गरज भासेल की काय, असे तेथील काही शेतकरी बोलून दाखवतात.

रोमानेश गाव सपाटीला लागून. येथे थांबावे ते बन्वा राक्ले यांच्यासाठी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पिराल नावाची अळी वेलींची पाने गुंडाळून फस्त करीत असे. राक्ले यांच्या घराच्या भिंतीला लागून एक वेल होती आणि स्वयंपाकघरातले गरम पाणी तिच्या बुंध्याशी पडे. तीच एक वेल दरवर्षी हिरवी राही, असे सांगतात. त्यांनी हिवाळ्यात, वेल झोपेत असताना, खोडावर उकळते पाणी ओतून पाहिले. सालीखाली दडलेल्या अळ्या मेल्या, वेल वाचली. शेजारी हसले. राक्ले १८४४ मध्ये वारले. त्यानंतर पाहता पाहता प्रत्येक गावात पाणी उकळण्याच्या छोट्या भट्ट्या फिरू लागल्या. गावात त्यांचे स्मारक आहे आणि ऑक्टोबरअखेर त्यांच्या नावाने उत्सव होतो. मोरीच्या पाण्याकडे लक्ष असलेल्या माणसाचा उत्सव करणारे गाव मला आवडले.

जाणाऱ्यांसाठी थोडे

मे-जूनमध्ये जावे, फुलोरा असतो, दिवस मोठा असतो. सप्टेंबरात तोडणी पाहायला मिळते, पण खोल्या मजुरांनी भरलेल्या असतात आणि गाडीवाटांवर ट्रॅक्टरांची वर्दळ. शरद ऋतूपासून जंगलात शिकारी असतात. भडक रंगाचा कपडा घालावा. ज्यांना चढ झेपत नाही त्यांच्यासाठी बेलव्हिल ते बोज्यो या जुन्या रेल्वेमार्गावर सपाट सायकलवाट केली आहे. विजेवर साहाय्य करणाऱ्या सायकलीही भाड्याने मिळतात. पन्नाशीच्या पुढच्यांनी संकोच करू नये.

ओळींच्या मध्ये सायकल घालू नका, ते खाजगी शेत आहे. फवारणी चाललेली दिसली तर वारा पाहून दूर थांबा. तेथील नियमाने फवारलेल्या बागेत किमान सहा तास, काही औषधांसाठी २४ किंवा ४८ तास, मजुरालाही पाऊल टाकता येत नाही.

तळघरात चाखायला बोलावतात. चाखून भांड्यात थुंकणे तेथे शिष्टाचार मानला जातो आणि सायकलवाल्याने तो कसोशीने पाळावा. मद्यपानाची कायदेशीर मर्यादा फ्रान्समध्ये सायकलस्वारालाही लागू आहे. न पिणाऱ्याने तसे सरळ सांगावे. कोणी रागावत नाही, द्राक्षाचा रस देतात.

आणि शेवटचे : आवडलेल्या वेलीची काडी खिशात घालून आणू नका. आपल्या देशाच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवान्याशिवाय रोपे, काड्या आणता येत नाहीत आणि मातीलाही बंदी आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी बुटांचे तळ जुन्या दातांच्या ब्रशाने घासून, वाहत्या पाण्यात धुऊन, वाळवून मगच बॅगेत ठेवा. नक्षीदार तळव्यात ग्रॅनाइटची वाळू फार घट्ट बसते. मला पाऊण तास लागला.